वाहनाचा दिवा आणि दंडाचें चलन

अंबरनाथच्या पूर्व भागांत पालेगांव आहे. नांव गांवाचें असलें तरी आतां तेथें उंच इमारतींचीं गृहसंकुलें उभीं राहिलीं आहेत. गांवाचें गांवपण पुरतें गेलेलें नाहीं आणि शहरपण पुरतें आलेलें नाहीं, अशा संधिकाळांत सांपडलेल्या वस्तीसारखी ती एक वस्ती आहे. तेथील पुष्कळ कुटुंबांतील कर्त्या माणसांचा दिवस सकाळच्या लोकलनें सुरू होतो व रात्रीच्या लोकलनें संपतो. आणि घर ते स्थानक हें अंतर बहुधा दुचाकीवर तोडलें जातें.

समजा, असेच एक गृहस्थ आहेत. सकाळीं सातच्या सुमारास ते दुचाकी काढतात, स्थानकाजवळच्या वाहनतळावर ठेवतात आणि मुंबईची गाडी पकडतात. रात्रीं साडेनऊला परत येऊन त्याच दुचाकीनें घर गांठतात. पुढचा दिवा झगझगीत लागलेला असतो. त्यामुळें आपलें वाहन सुस्थितींत आहे याविषयीं त्यांची खात्री असते. एके रात्रीं चौकांत वाहतूक पोलीस त्यांना हात करून थांबवतात. "साहेब, मागचा दिवा बंद आहे तुमचा." गृहस्थ उतरून मागें जातात आणि पाहतात, तों दिवा खरोखरच विझलेला! "हवालदारसाहेब, मला ठाऊकच नव्हतें हो," असें ते म्हणतात, आणि तें अक्षरशः खरें असतें. तरीहि हवालदार हातांतील यंत्रावर वाहनाचा क्रमांक घालतात, छायाचित्र घेतात, आणि क्षणभरांत गृहस्थांच्या खिशांतील फोन वाजतो. चलन आलेलें असतें.

घरीं पोंचेपर्यंत त्यांच्या मनांत तीन प्रश्न घोळत राहतात. जो दोष ठाऊकच नव्हता त्याबद्दल दंड कां? हा दंड निमूटपणें भरावा कीं त्याला हरकत घ्यावी? आणि उद्यां दिवा दुरुस्त करून घेतला तर चलन रद्द होईल काय? या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें चांगल्या सुशिक्षित घरांतहि पुष्कळदां अंदाजानें दिलीं जातात. म्हणून तीं क्रमानें पाहणें इष्ट आहे.

पहिला प्रश्न अज्ञानाचा. मोटारगाड्यांसंबंधीं सर्व देशाला लागू असा पहिला कायदा १९१४ सालीं झाला, दुसरा १९३९ सालीं, आणि आज जो अमलांत आहे तो १९८८ सालचा मोटार वाहन अधिनियम. या अधिनियमाचें १९० वें कलम सदोष वाहनासंबंधीं आहे. वाहनांत धोका उत्पन्न करणारा दोष आहे हें चालविणाऱ्याला माहीत असेल तर तो दोषी, हें उघडच आहे; पण कलम तेथें थांबत नाहीं. सामान्य काळजी घेतली असती तर जो दोष लक्षांत आला असता, तोहि त्याच्याच पदरीं घातला जातो. 'मला ठाऊक नव्हतें' या उत्तरावर कायदा फिरून विचारतो, 'ठाऊक करून घेणें तुमच्या हातीं नव्हतें काय?' मागचा दिवा पाहण्यासाठीं दहा पावलें मागें जावें लागतें, इतकेंच. तेवढी काळजी सामान्य काळजींत मोडते.

दिवे कोणते व केव्हां लावावे हें केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १०५ व्या नियमांत सांगितलें आहे. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वीं अर्ध्या तासापर्यंत, आणि एरव्हीहि जेव्हां उजेड अपुरा असेल तेव्हां, दिवे लागलेले असले पाहिजेत. पुढच्या दिव्यांच्या उजेडांत १५५ मीटरवरील माणूस अगर वाहन स्पष्ट दिसलें पाहिजे, अशी अपेक्षा आहे. हा आंकडा प्रथमदर्शनीं मोठा वाटतो. पण ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारें वाहन १५५ मीटर अंतर सुमारें नऊ सेकंदांत तोडतें. या नऊ सेकंदांत चालकानें समोरची वस्तु ओळखावयाची, काय करावें तें ठरवावयाचें आणि वाहन आंवरावयाचें असतें.

परंतु पुढचा दिवा आणि मागचा दिवा यांचें कार्य मुळांतच निराळें आहे, आणि येथेंच गृहस्थांची चूक झाली होती. पुढचा दिवा पुष्कळसा स्वतःच्या सोयीचा असतो. तो विझला तर चालविणाऱ्याला तत्काळ अडचण होते. मागचा तांबडा दिवा स्वतःच्या कांहींच उपयोगाचा नसतो. तो सर्वस्वीं मागून येणाऱ्यासाठीं असतो. तो विझला तर चालविणाऱ्याला कांहींहि जाणवत नाहीं. जाणवतें तें मागच्या ट्रकवाल्याला, आणि तेंहि कदाचित् फार उशिरां. त्यांत १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू होतांच आपोआप लागावा असा नियम झाला. नियम हिताचा आहे. पण पुढें उजेड दिसला म्हणजे मागेंहि सर्व ठीक असेल, असा भास त्यानें होऊं शकतो. कल्याण-बदलापूर रस्त्यावर आणि औद्योगिक वसाहतीकडून येणाऱ्या रस्त्यांवर रात्रीं जड वाहनें धांवत असतात. अशा वेळीं मागचा दिवा नसलेली काळी दुचाकी ही मागच्या चालकाच्या दृष्टीनें अस्तित्वांतच नसते.

जुन्या पिढीला या संबंधांत सायकलींची आठवण होईल. पुण्यासारख्या शहरांत एके काळीं रात्रीं बिनदिव्याच्या सायकलीवरून निघालेला विद्यार्थी दूरवर पोलीस दिसतांच टुणकन् खालीं उतरे, सायकल हातांत धरून सोज्ज्वळपणें चालूं लागे, आणि चौक ओलांडतांच पुन्हा तिच्यावर स्वार होई. त्या खोडींत गंमत होती. पण तिच्या मुळाशीं असलेली समजूत, म्हणजे दिवा हा पोलिसासाठीं असतो ही समजूत, सायकलीबरोबर गेली नाहीं. ती मोटारसायकलीच्या युगांतहि टिकून राहिली आहे.

आतां दुसरा प्रश्न, चलनाचा. त्याचा आरंभ रस्त्यावरच होतो. गणवेशांतील पोलीस अधिकाऱ्यानें मागितल्यास अनुज्ञप्ति, म्हणजेच लायसन्स, दाखविणें हें १३० व्या कलमान्वयें चालकाचें कर्तव्य आहे. २०१८ सालच्या दुरुस्तीमुळें डिजिलॉकर किंवा एमपरिवहन यांतील कागदपत्रें फोनवर दाखविलीं तरी तीं मूळ कागदांप्रमाणेंच ग्राह्य धरलीं जातात. या प्रसंगीं वाद घालण्यानें अगर ओळखी सांगण्यानें कांहींहि साधत नाहीं. दिवा बंद असल्याचें उतरून स्वतः पाहावें, शक्य तर त्याच वेळीं फोनवर एक छायाचित्र घेऊन ठेवावें, आणि कोणत्या कलमाखालीं चलन होत आहे तें शांतपणें विचारावें. पैसे त्याच ठिकाणीं भरले तर त्याची पावती मिळालीच पाहिजे. पावतीवांचून दिलेला पैसा दंड नव्हे, आणि त्यानें चलनहि मिटत नाहीं.

घरीं आल्यावर चलन नीट वाचावें. पुष्कळ लोक फक्त रुपयांचा आंकडा वाचतात. वाचावयाच्या गोष्टी मुख्यतः पांच आहेत: वाहनाचा क्रमांक, तारीख व वेळ, ठिकाण, छायाचित्र, आणि नियम अगर कलम. नियम १०५ चा भंग बहुधा १७७ व्या कलमाखालीं येतो. जेथें निराळी शिक्षा सांगितलेली नाहीं अशा सर्व लहान अपराधांसाठीं हें कलम आहे. २०१९ सालच्या दुरुस्तीपूर्वीं त्याखालचा दंड पहिल्या वेळीं १०० रुपयांपर्यंत असे; दुरुस्तीनें तो पहिल्या वेळीं ५०० रुपयांपर्यंत व पुन्हा तोच अपराध घडल्यास १५०० रुपयांपर्यंत झाला. चलनावर १९० वें कलम असेल तर गोष्ट अधिक गंभीर आहे. त्याखालीं साधा दंडच १५०० रुपयांपर्यंत होऊं शकतो. आणि त्या दोषामुळें अपघात होऊन कोणास इजा झाली किंवा मालमत्तेचें नुकसान झालें, तर पहिल्याच अपराधास तीन महिन्यांपर्यंत कारावास, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीहि होऊं शकतात. एकच विझलेला दिवा, पण त्याचा परिणाम काय झाला त्यावर कायद्याची दृष्टि बदलते.

अंबरनाथ व बदलापूर हीं शहरें ठाणें शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दींत येतात, आणि तेथील वाहनांची नोंद कल्याणच्या परिवहन कार्यालयांत होऊन त्यांना एमएच ०५ हा संकेत मिळतो. चलन मात्र राज्यांत कोठेंहि झालेलें असलें तरी महाट्रॅफिक या एकाच शासकीय संकेतस्थळावर किंवा त्याच्या ॲपवर पाहतां येतें. वाहनाचा क्रमांक आणि चासीच्या अगर इंजिनाच्या क्रमांकाचे शेवटचे चार आंकडे घातले म्हणजे त्या वाहनावरील सर्व चलनें छायाचित्रांसह समोर येतात. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. चलनाचा संदेश वाहनाच्या नोंदींत असलेल्या फोनक्रमांकावर जातो. तो क्रमांक बदलला असेल, किंवा वाहन दुसऱ्याकडून घेतांना नोंद बदलून घेतलेली नसेल, तर चलन होऊन महिने लोटले तरी मालकाला त्याचा पत्ता नसतो.

उलट बाजूनें, आलेला प्रत्येक संदेश खराच असतो असेंहि नाहीं. अलीकडच्या काळांत चलनाच्या नांवाखालीं खोटे संदेश पाठवून लोकांचीं बँकखातीं रिकामीं करण्याचा उद्योग देशभर चालला आहे. अशा संदेशासोबत एखादें ॲप उतरवून घेण्याचा दुवा येतो. तो उघडतांच फोनचा ताबा परक्याच्या हातीं जातो. यावर उपाय सोपा आहे. संदेशांतील दुव्याला स्पर्शच करूं नये. शासकीय संकेतस्थळाचा पत्ता स्वतः लिहावा, त्याच्या शेवटीं 'जीओव्ही डॉट इन' आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि चलन तेथें दिसत असेल तरच खरें मानावें.

चलन खरें आहे असें ठरल्यावर दोनच सरळ मार्ग उरतात. दोष खरोखर होता असें गृहस्थांचें मन त्यांना सांगत असेल, तर विहित मुदतींत रक्कम भरावी. २०० व्या कलमान्वयें अशी रक्कम स्वीकारली गेली म्हणजे प्रकरणाची तडजोड होते, आणि त्या अपराधाबद्दल पुढें खटला चालत नाहीं. पावती मात्र जपून ठेवावी, आणि कांहीं दिवसांनीं संकेतस्थळावर तें चलन भरलेलें दिसतें कीं नाहीं याची खात्री करून घ्यावी.

दोष नव्हताच असें वाटत असेल, म्हणजे छायाचित्रांतील वाहन दुसऱ्याचें असेल, क्रमांक वाचतांना एखादें अक्षर चुकलें असेल, किंवा त्या वेळीं वाहन त्या गांवांतच नसेल, तर पैसे भरण्यापूर्वीं हरकत घ्यावी. त्यासाठीं त्याच ॲपवर तक्रारीची सोय आहे. वाहतूक शाखेच्या कार्यालयांत लेखी अर्जहि देतां येतो. अर्ज लहान असावा. त्यांत राग नसावा, पुरावा असावा: नोंदणीपत्राची प्रत, वाहनाचें स्वतःचें छायाचित्र, त्या वेळीं वाहन अन्यत्र होतें असें दाखविणारी एखादी पावती. तेवढ्यानें न मिटल्यास शेवटचा निर्णय दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयाचा असतो. चलन म्हणजे न्यायनिवाडा नव्हे, तो आरोप आहे. आणि तो नाकारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकास आहे. २०८ व्या कलमांत लहान अपराधांसाठीं संक्षिप्त पद्धत सांगितली असून, तींत अपराध कबूल करणाऱ्याला न्यायालयांत हजर न राहतां दंडाची रक्कम पाठवून देतां येते. प्रलंबित चलनें लोक अदालतींतहि घेतलीं जातात. पण १९८७ सालच्या विधि सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणें लोक अदालतीचा निवाडा अंतिम असतो व त्यावर अपील नाहीं, हें जाणूनच तेथें जावें.

तिसरा एक मार्ग लोक नेहमीं अवलंबितात. तो म्हणजे कांहींच न करणें. पांचशें रुपयांसाठीं कोण विचारतो, असें म्हणून चलन विसरलें जातें. पण यंत्र विसरत नाहीं. चलनें वाहनाच्या नांवावर सांचत जातात. आणि एक दिवस वाहन विकावयाचें ठरतें, किंवा पुढच्या चौकांत पुन्हा क्रमांक तपासला जातो, तेव्हां सर्व थकबाकी एकदम पुढ्यांत येते. त्या वेळीं जुन्या चलनाला हरकत घेण्याजोगा पुरावाहि हातांत राहिलेला नसतो.

आतां तिसरा प्रश्न: दिवा दुरुस्त केला तर चलन रद्द होतें काय? कांहीं परदेशांत तशी व्यवस्था आहे. इंग्लंडमध्यें कांहीं ठिकाणीं पोलीस सदोष वाहनाच्या मालकाला ठराविक दिवसांची मुदत देतात. तेवढ्यांत दुरुस्ती करून अधिकृत तपासणी केंद्राचा शिक्का आणला तर पुढील कारवाई होत नाहीं. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत दुरुस्ती झाल्याचें प्रमाणपत्र व २५ डॉलर शुल्क न्यायालयांत दिल्यास असें प्रकरण काढून टाकलें जातें. तिकडे गेलेल्या नातेवाइकांकडून या गोष्टी ऐकून येथेंहि तसेंच असावें अशी समजूत होते. परंतु महाराष्ट्रांत दुरुस्ती केली म्हणून चलन आपोआप रद्द होत नाहीं. ज्या क्षणीं वाहन थांबविलें त्या क्षणीं दिवा बंद होता, एवढ्यावर अपराध पुरा होतो.

मग दुरुस्तीच्या पावतीचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो दुहेरी आहे. प्रकरण न्यायालयांत गेलेंच, तर दोष कळतांच तो दूर केला हें त्या पावतीनें दाखवितां येतें, आणि दंड किती करावा हें ठरवितांना न्यायालय त्याचा विचार करूं शकतें. दुसरें असें कीं, दिवा तसाच राहिला तर दुसऱ्याच रात्रीं दुसरें चलन होऊं शकतें, आणि तें पुनरावृत्तीचें म्हणून अधिक रकमेचें. चलन भरल्यानें बंद दिव्यासह फिरण्याचा परवाना मिळत नाहीं.

दुरुस्तीहि डोळसपणें करून घ्यावी. दिवा बंद पडला म्हणजे दरवेळीं बल्बच गेलेला असतो असें नाहीं. खड्ड्यांच्या धक्क्यांनीं आंतील बारीक तार तुटते, हें खरें; पण कोंकणच्या पावसांत होल्डरला गंज चढतो, तारेचें टोक सुटतें, फ्यूज वितळतो, किंवा ब्रेकच्या दिव्याची कळ अडकते. केवळ बल्ब बदलून घेतला आणि गंज तसाच राहिला, तर आठवड्यानें पुन्हा तीच अवस्था होते. हॅलोजनचा बल्ब उघड्या बोटांनीं धरूं नये. काचेवर बोटांचें तेल राहून ती जागा अधिक तापते व बल्ब लौकर जातो. मूळच्या दिव्याच्या जागीं बाजारांतील भगभगीत एलईडी बसविण्याचा मोहहि टाळावा. ज्या बल्बासाठीं दिव्याचा आरसा घडविलेला असतो, त्याहून निराळा बल्ब घातल्यास झोत विस्कटतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. समोरच्याला दिपविणारा दिवा वापरूं नये असा १०६ वा नियम आहेच. अंधार जितका घातक, तितकाच भलत्या जागीं पडलेला उजेडहि घातक.

रोजच्या तपासणीला अर्धें मिनिट पुरें आहे, आणि दुसऱ्या माणसाचीहि आवश्यकता नाहीं. सायंकाळीं वाहन भिंतीकडे किंवा बंद दुकानाच्या शटरकडे पाठ करून उभें करावें. शटरवर तांबडी प्रभा दिसली तर मागचा दिवा चालू आहे; ब्रेक दाबतांच ती अधिक तीव्र झाली तर ब्रेकचा दिवाहि ठीक आहे. मग उजवी व डावी बाजू दाखविणारे दिवे लावून पाहावे. ब्रेकचा दिवा व बाजू दाखविणारे दिवे यांची आवश्यकता दिवसांहि तितकीच असते, हें पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं.

हें सर्व पांचशें रुपये वांचविण्यासाठीं आहे असें कोणी समजूं नये. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें एक प्रकरण आलें होतें. रस्त्याच्या मध्यें दिव्यावांचून उभ्या केलेल्या टँकरवर अंधारांत एक मोटार आदळली होती. मोटारीच्या चालकाचाहि निम्मा दोष, असें उच्च न्यायालयानें धरलें होतें; सर्वोच्च न्यायालयानें तें मान्य केलें नाहीं, आणि सारा दोष दिव्यावांचून उभ्या असलेल्या टँकरच्या चालकावर ठेवला. नुकसानभरपाईचा पैसा कोणी किती द्यावा हें न्यायालय ठरवितें. पण गेलेला माणूस कोणतेंहि न्यायालय परत आणूं शकत नाहीं.

पालेगांवच्या त्या गृहस्थांनीं त्याच रात्रीं जेवणापूर्वीं फोनवरून दंड भरला, आणि मोकळा श्वास सोडून पत्नीला म्हणाले, "झालें, मिटलें एकदांचें." पत्नीनें पानें मांडतां मांडतां विचारलें, "अहो, पैसे भरलेत, पण दिव्याचें काय? उद्यां संध्याकाळीं बेबीला शिकवणीहून मीच आणणार आहें त्या गाडीवरून."

गृहस्थ क्षणभर गप्प राहिले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं नेहमींची गाडी सोडली, गॅरेज उघडण्याची वाट पाहिली, होल्डरचा गंज काढवून नवा बल्ब बसवून घेतला, आणि शटरवरची तांबडी प्रभा डोळ्यांनीं पाहूनच ते स्थानकाकडे निघाले. चलन आदल्या रात्रींच मिटलें होतें. प्रकरण खऱ्या अर्थानें मिटलें तें त्या सकाळीं.